किशोरी व युवतींमधील व्यसने : मिशरीची डबी, सिगारेट आणि मद्य

स्त्रियांच्या व्यसनाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : मोठे शहर, रात्रीची पार्टी आणि हाती सिगारेट व पेला घेतलेली तरुणी. चित्रपट व दूरचित्रवाणी यांनी रंगवलेले हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावरील वाड्यावस्त्यांवर, मुलीच्या वाट्याला येणारे पहिले व्यसन बहुधा सिगारेटच्या रूपाने येत नाही. ते चुलीजवळच्या कोनाड्यातील मिशरीच्या डबीत आधीच येऊन बसलेले असते. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पुढे हीच मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात गेली तर तेथे सिगारेट व मद्य तिच्यापुढे येतात.

किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया यांच्यातील तंबाखू व मद्य यांच्या वापराविषयीची माहिती पालक, शिक्षक, धर्मशिक्षक व स्वतः युवती यांच्या हाती एकत्रितपणे असावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात ती संकलित करीत आहोत.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी १०.९ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात, तर ०.४ टक्के स्त्रिया मद्य घेतात. पुरुषांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ३३.८ व १३.९ टक्के आहे. संपूर्ण देशातील स्त्रियांचे प्रमाण तंबाखूसाठी ८.९ टक्के आणि मद्यासाठी १.३ टक्के असे आहे. म्हणजेच महाराष्ट्रातील स्त्री मद्याच्या बाबतीत देशाच्या सरासरीहून दूर, परंतु तंबाखूच्या बाबतीत सरासरीच्या पुढे आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर खाण्याचा, चघळण्याचा वा दातांना लावण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचा मुख्य प्रश्न धुराचा नसून धूरविरहित तंबाखूचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

याहून अधिक विचार करायला लावणारी आकडेवारी शाळकरी मुलांची आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ९.६ टक्के मुलगे व ७.४ टक्के मुली तंबाखू वापरत असल्याचे दिसून आले. प्रौढांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट आहे (४२.४ व १४.२ टक्के); शाळकरी वयात मात्र मुलगा व मुलगी यांच्यातील अंतर फारच थोडे उरले आहे. प्रौढ स्त्रियांत धूम्रपान करणाऱ्या केवळ २ टक्के असताना या वयाच्या मुलींत ते प्रमाण ६.२ टक्के आढळले. याच पाहणीनुसार धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्याची सुरुवात वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच केली होती.

मद्याविषयी, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष व १.६ टक्के स्त्रिया मद्य घेतात. हे प्रमाण अल्प वाटते. परंतु दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसापुढे, घरातील वडीलधारी मंडळी ऐकत असताना, किती मुली खरे उत्तर देतील याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

भूम परिसराचे वास्तव

मिशरी म्हणजे तव्यावर काळसर होईपर्यंत भाजून बारीक केलेला तंबाखू. दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांना लावली जाते. दाढ दुखली की आजी नातीला चिमूटभर मिशरी देते. पोट साफ होते म्हणून आई ती लावते. गर्भारपणी मळमळ थांबते म्हणून शेजारीण सुचवते. दिवसातून एकदा लावलेली मिशरी दोनदा, मग चारदा लावावीशी वाटू लागते. न लावल्यास डोके जड होते, चिडचिड होते. ही निकोटिनची तलफ असते. तंबाखूमिश्रित दंतमंजन व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीवर मात्र ना वेष्टन असते, ना धोक्याची सूचना.

भूम, परंडा, वाशी हा अवर्षणाचा पट्टा. दसरा-दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. स्त्रीचा दिवस पहाटेच्या अंधारात स्वयंपाकाने सुरू होतो. त्यानंतर दिवसभर तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. तंबाखूची चिमूट भूक मारते व थकवा काही काळ विसरायला लावते. आईबरोबर फडात गेलेली व शाळा सुटलेली मुलगी हे पाहतच मोठी होते. लहान वयात लग्न होऊन तीही एका कोयत्याचा भाग बनते आणि चिमूट तिच्याही तळहातावर येते. अशा मुलीला केवळ ‘व्यसन वाईट’ असे सांगून भागणार नाही. तिची भूक, तिची झोप आणि तिची शाळा यांचा विचार केल्यावाचून तिच्या तंबाखूचा विचार पूर्ण होत नाही.

दुसरा गट आहे तो बारावीनंतर पुणे, लातूर, सोलापूर वा छत्रपती संभाजीनगर येथे जाणाऱ्या मुलींचा. वसतिगृहातील एकटेपण, परीक्षेचे दडपण, रात्रपाळीची नोकरी, ‘एकदा घेऊन तर बघ’ हा मैत्रिणींचा आग्रह, वजन कमी होईल ही भ्रामक समजूत आणि गावंढळ ठरण्याची भीती, ही त्यांची कारणे आहेत. तिसरे कारण आपल्याच घरात असते. वडील रोज पितात, बारशाच्या व लग्नाच्या पंगतीत बाटली फुटते, नाताळात पाहुण्यांपुढे पेले मांडले जातात आणि मुलीलाच ते भरून आणायला सांगितले जाते. मग मद्य ही निषिद्ध वस्तू आहे असे तिला का वाटावे?

‘स्वातंत्र्या’ची विक्री

सिगारेट ओढणे म्हणजे स्त्रीने पुरुषाच्या बरोबरीला येणे, ही कल्पना स्त्रियांच्या चळवळीतून आपोआप उगवलेली नाही. ३१ मार्च १९२९ रोजी, पुनरुत्थान रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर निघालेल्या पारंपरिक मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांसमक्ष सिगारेटी पेटवल्या. वृत्तपत्रांना त्यांची ओळख ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ अशी करून देण्यात आली. या प्रसंगाची आखणी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने केली होती आणि त्याला त्याचे पैसे अमेरिकन टोबॅको कंपनी देत होती. अर्धी लोकसंख्या सिगारेट ओढत नाही, एवढीच त्या कंपनीची अडचण होती. १९६८ मध्ये तर ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही खास स्त्रियांसाठी बारीक सिगारेट बाजारात आली. आज फळांच्या चवीची पेये, रंगीत वेष्टने व समाजमाध्यमांवरील चित्रे हेच काम करीत आहेत. ज्या युवतीला खरोखर स्वतंत्र व्हायचे आहे, तिने आपल्या स्वातंत्र्याचा नफा कोणाच्या खिशात जातो हे एकदा अवश्य तपासावे.

शरीरावर होणारे परिणाम

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषाच्या तुलनेने कमी असते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या पुरुषाने व स्त्रीने सारखेच मद्य घेतले तरी स्त्रीच्या रक्तातील मद्याची पातळी अधिक वाढते. यकृत व हृदय यांचे विकार तिला कमी वर्षांत व कमी प्रमाणातील मद्यानेही जडतात. मद्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि ही वाढ थोड्या मद्यानेही होते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून किशोरवयात लागलेली सवय अधिक खोल रुजते.

गर्भवतीने घेतलेले मद्य वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचते व त्याच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा करू शकते. मिशरीही निरुपद्रवी नाही. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोकाही वाढलेला आढळला. त्या मातांचा तंबाखू मुख्यतः मिशरीच होता. आधीच रक्तक्षय असलेल्या अल्पवयीन मातेच्या बाळाला १०५ ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

तंबाखूमुळे तोंडाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होतो. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने गालाची आतील त्वचा ताठर होत जाते व तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. धूम्रपानामुळे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

या संदर्भात भूमकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट आहे. शेजारच्या बार्शी येथे १९८७ पासून चालू असलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी ही भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय. तिच्या कार्यक्षेत्रात बार्शी व परंडा यांच्यासह भूम तालुकाही आहे. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश होता. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर मार्गदर्शक ठरला. संकोच बाजूला ठेवून तपासणीस पुढे आलेल्या या स्त्रिया आपल्याच जिल्ह्यातील होत्या. त्यांच्या लेकी व नाती तंबाखूविषयीही मोकळेपणाने बोलू शकतील, असा विश्वास बाळगण्यास हे पुरेसे कारण आहे.

कायदा काय म्हणतो?

१. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे.

२. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ अन्वये, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बालकास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

३. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, तर अन्य मद्यासाठी २५ वर्षे आहे.

४. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून, हुक्का पार्लरवर २०१८ पासून आणि ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे.

५. गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते. एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिल्यास दुकान बंद करावे लागते.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि संत मोनिका

ख्रिस्तसभा द्राक्षारसाला मुळातच पाप मानीत नाही. काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे आणि मिस्साबलिदानात द्राक्षारस अर्पिला जातो. मात्र शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही संत पौलाची शिकवण (१ करिंथ, अध्याय ६) आणि अन्न, मद्य, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळण्यास सांगणारा संयमाचा सद्गुण (कॅथोलिक धर्मशिक्षण, परिच्छेद २२९०) यांचा आदर राखणे आपले कर्तव्य आहे. पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री बंद झाली, हेही येथे नमूद करावेसे वाटते. एवढ्या मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडून दिलेला तो एक धडा होता.

संत मोनिका यांना आपण अश्रू ढाळणारी व प्रार्थनाशील माता म्हणून ओळखतो. परंतु संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात आईच्या किशोरवयातील एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. घरासाठी पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम छोट्या मोनिकाकडे असे. प्रथम तिने केवळ अल्लडपणाने ओठ लावले. मग रोज थोडे थोडे वाढत गेले आणि अखेर ती जवळजवळ भरलेले पेले पिऊ लागली. तिला सांभाळणारी वृद्ध दासी अत्यंत कडक होती. जेवणाव्यतिरिक्त पाणी पिण्यासही ती मनाई करी. तरीही हे तिच्या ध्यानात आले नाही. शेवटी बरोबरच्या दासीने भांडणाच्या भरात मोनिकाला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द तिच्या वर्मी लागला आणि तिने ती सवय तत्काळ सोडली.

या गोष्टीतून आम्हांस तीन बोध घ्यावेसे वाटतात. पहिला, व्यसन हे वाईट घरातील वाईट मुलीलाच लागते असे नाही. श्रद्धाळू घरातील भावी संतालाही त्याचा स्पर्श झाला. दुसरा, नुसत्या कडक शिस्तीने ते दिसतही नाही व थांबतही नाही. तिसरा, संधी घरातच होती, कारण पिंप घरचे होते. हिणवल्यामुळे मोनिका सुटल्या, ही मात्र देवाची कृपा समजावी. आपण तो उपाय म्हणून वापरू नये. हिणवलेल्या शंभर मुलींपैकी बहुतेक जणी लपवायलाच शिकतात.

मुलगा आणि मुलगी : दोन मापे

आपल्या समाजाचे, आणि खरे सांगायचे तर आपल्या धर्मग्रामांचेही, एक दुखणे येथे मांडले पाहिजे. मुलगा पिऊन आला तर ‘वय आहे, सुधारेल’ म्हणून आपण पांघरूण घालतो. त्याला उपचारासाठी नेण्याची धावपळ सारे घर करते. मुलीच्या पिशवीत सिगारेट सापडली तर तिचे शिक्षण बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो, घाईघाईने स्थळे पाहिली जातात. आजाराचे निदान होण्याऐवजी चारित्र्याचा निवाडा होतो. परिणामी मुली उशिरा, आजार बळावल्यावरच, उपचारास येतात किंवा येतच नाहीत. सासरी पाठवून व्यसन सुटत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या घरात लपते. संयमाचा नियम देवाने मुलामुलींसाठी वेगवेगळा केलेला नाही. क्षमा व उपचार यांचाही वेगवेगळा नसावा.

उपचार व मदत

तंबाखू सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ थांबावे, दीर्घ श्वास घ्यावा, पाणी प्यावे व हाताला काम द्यावे. मद्याचे मात्र वेगळे आहे. दीर्घकाळ व रोज मद्य घेणाऱ्या व्यक्तीने ते एकाएकी स्वतःच्या मनाने बंद केल्यास झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावे.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय सल्ला दूरध्वनी १८००-११-२३५६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक निःशुल्क आहेत. शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना समुपदेशन मिळते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे कार्य वसईसह अनेक ठिकाणी चालते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात व तेथे नाव गुप्त राखले जाते. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे.

आपण काय करू शकतो?

पालकांनी : घरातील मिशरीची डबी प्रथम आपण टाकावी. मुलीस दुकानातून तंबाखू वा बाटली आणण्यास कदापि पाठवू नये. काही आढळल्यास ओरडण्यापूर्वी ‘केव्हापासून?’ आणि ‘तुला काय त्रास होतो आहे?’ हे दोन प्रश्न विचारावेत व उत्तर शेवटपर्यंत ऐकावे.

शिक्षकांनी : शाळेभोवतीच्या १०० यार्डांची मर्यादा आखून घ्यावी. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांतील मुलींची हजेरी विशेष लक्ष देऊन पाहावी. शाळेत टिकलेली मुलगी अनेक संकटांतून आपोआप वाचते.

धर्मग्रामांनी : लग्न व नाताळ यांच्या मेजवान्या मद्याविना साजऱ्या करण्याचा आदर्श प्रथम पदाधिकाऱ्यांनी घालून द्यावा. महिला मंडळात मिशरीवर स्त्री डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे व त्याच दिवशी मुखतपासणी करून घ्यावी. शहरात शिकणाऱ्या मुलींची नोंद ठेवून तेथील धर्मगुरूंना व धर्मभगिनींना कळवावे. पापनिवेदनास आलेल्या युवतीस धर्मगुरूंनी क्षमेबरोबर डॉक्टरांचा रस्ताही दाखवावा.

युवतींनी : जिने सुरुवात केलेली नाही, तिने ‘नको’ म्हणताना कारण देण्याची गरज नाही. जिने केली आहे, तिने ज्या एका व्यक्तीवर विश्वास आहे तिला आजच सांगावे. तपासणीत लवकर सापडलेल्या आजाराप्रमाणे लवकर सांगितलेले व्यसनही लवकर बरे होते.

संत मोनिका यांचा सण २७ ऑगस्ट रोजी येतो. त्या दिवशी माता आपल्या मुलांसाठी प्रार्थना करतात. यंदा ती प्रार्थना करण्यापूर्वी आपल्या घरातील कोनाडा, कपाट व पंगत एकदा तपासून पाहावी, एवढीच आमची वाचकांस नम्र विनंती आहे.